मित्राच्या श्रमाचें मोल

मित्रानें आपल्यासाठीं पैसे न घेतां काम केलें, तर आपण त्याचें कांहीं देणें लागतों कीं नाहीं? आणि लागत असलों, तर तें कोणत्या मापानें फेडावें? हा प्रश्न प्रथम ऐकतांना क्षुल्लक वाटतो. खेड्यांत राहणारा मनुष्य शेजाऱ्याच्या हातून रोज कांहीं ना कांहीं करून घेतच असतो. कोणी छपर शाकारूं लागतो, कोणी विहिरींतली मोटर वर काढूं लागतो, कोणी अडलेल्या गाईजवळ रात्रभर बसतो. ह्या सर्वांचा हिशोब ठेवूं लागलों तर शेजारधर्मच उरणार नाहीं, असें पुष्कळांस वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत असे. परंतु गेल्या वर्षीं आमच्या जुन्या जीपचें इंजिन बिघडलें, तें तीन मित्रांनीं शनिवार-रविवार खपून नीट केलें, आणि त्यानंतर आमच्या हातून जें घडलें त्यामुळें ह्या प्रश्नाचा शांतपणें विचार करणें आम्हांस भाग पडलें. तो विचार, आमच्या चुकीसह, वाचकांपुढें ठेवितों.

जीप डिझेलची, चार सिलिंडरांची. पावसाळा संपतां संपतां ती घाट चढतांना तापूं लागली. रेडिएटरांत सकाळीं भरलेलें पाणी संध्याकाळीं कमी होई, पण बाहेर कोठें गळती दिसेना. धुराड्यांतून पांढरा धूर निघूं लागला. आणि एके दिवशीं ऑइलची काडी काढून पाहतों तों तिच्यावर दुधाळ फेस. जाणत्यास एवढ्यावरून रोग कळतो. इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचें हेड ह्यांच्यामध्यें एक पातळ गॅस्केट असतें. आंतील जळत्या वायूचा दाब, इंजिन थंड ठेवणारें पाणी आणि वंगणाचें ऑइल हीं तिन्ही एकमेकांत मिसळूं न देणें, हें त्याचें काम. डिझेल इंजिनांत ठिणगी पाडावी लागत नाहीं. हवा साधारणतः १४ ते २२ पट दाबून इतकी तापविली जाते कीं तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. एवढ्या दाबापुढें गॅस्केट कोठें जळलें, म्हणजे पाणी वाट सोडून सिलिंडरांत आणि ऑइलांत शिरूं लागतें.

शहरांतल्या गॅरेजांत खर्चाचा अंदाज विचारला आणि तो ऐकून आम्ही मुकाट्यानें परत आलों. तेव्हां तीन मित्र स्वतःहून पुढें आले. एक बसच्या आगारांत मेकॅनिक आहे. दुसऱ्याचें तालुक्याच्या गांवीं ट्रॅक्टर दुरुस्तीचें लहानसें दुकान आहे. तिसरा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत मुलांस टर्नरचें काम शिकवितो. शनिवारीं सकाळीं ते पान्यांच्या पेट्या घेऊन आमच्या अंगणांतल्या लिंबाखालीं हजर झाले. दुपारपर्यंत हेड निघालें. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांच्या मधोमध गॅस्केट काळें पडून तुटलें होतें. टर्नर मित्रानें हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनें फट मोजली, आणि ‘हें तापून वांकलें आहे, फेसिंग केल्यावांचून बसणार नाहीं’ म्हणून तें मोटरसायकलवर बांधून शहरांतल्या खरादखान्यांत नेलें. रविवारीं उपासनेहून परत येऊन ते पुन्हां कामास लागले. हेड बसलें, बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूंकडे, ठराविक क्रमानें, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनें आवळले गेले, जुनें ऑइल काढून नवें भरलें. दिवे लागतां लागतां इंजिन सुरू झालें आणि त्याचा एकसारखा आवाज ऐकून मुलांनीं टाळ्या पिटल्या.

निघतांना ट्रॅक्टरवाला मित्र म्हणाला, “पाळकसाहेब, दोनशें किलोमीटर गाडी चालूं द्या. मग इंजिन थंड असतांना बोल्ट पुन्हां एकदां आवळूं. विसरूं नका हं.” आजकालच्या कित्येक गाड्यांस हें लागत नाहीं, परंतु आमच्या जुन्या इंजिनांतलें गॅस्केट उष्णतेनें कांहींसें दबतें, आणि बोल्ट पुन्हां न आवळल्यास त्याची पकड ढिली पडते. आम्हीं मान डोलाविली. मग पैशाचें पाकीट पुढें केलें. तिघांनींही हात मागें घेतले. “मैत्रींत हिशोब कसला?” ते म्हणाले. पाकीट परत खिशांत घालतांना आम्हांस जें बरें वाटलें, तें केवळ मैत्रीच्या आनंदानें नव्हे, हें आज कबूल करितों.

दोनशें किलोमीटर आठवड्याभरांत झाले. आम्ही मित्राकडे गेलों नाहीं. विसरलों असें नव्हे. जाण्याचा संकोच वाटला. त्यानें दोन दिवस फुकट दिले आहेत, आतां पुन्हां कोणत्या तोंडानें जावें, असें मनाशीं म्हणत राहिलों. गॅरेजांत पैसे मोजले असते तर दुसऱ्याच दिवशीं हक्कानें गाडी उभी केली असती. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. न फेडलेला उपकार घेणाऱ्याच्या मनांत नेहमीं प्रेमच वाढवितो असें नाहीं. पुष्कळदां तो घेणाऱ्यास देणाऱ्यापासून दूर नेतो. ज्याच्या ऋणांत आपण आहों त्याच्या घरावरून जाणें आपण टाळूं लागतों, आणि त्या टाळण्यास भिडस्तपणाचें गोंडस नांव देतों.

महिन्याभरानें बाजाराच्या दिवशीं, भर चौकांत, गाडींतून वाफ निघूं लागली. लोक जमले. एकानें विचारलें, “काम कोणी केलें होतें?” आम्हीं ट्रॅक्टरवाल्या मित्राचें नांव सांगितलें. दुसरा हंसून म्हणाला, “फुकटचें काम असेंच व्हावयाचें.” चार माणसें हंसलीं. त्या वेळीं ‘चूक त्याची नव्हे, माझी आहे, त्यानें सांगितलेली गोष्ट मीं केली नाहीं’ एवढे शब्द बोलण्यास अर्धें मिनिटही लागलें नसतें. आम्ही गप्प राहिलों.

बातमी मित्राच्या कानीं गेली. पुढच्या रविवारीं तो स्वतःच्या पैशानें नवें गॅस्केट घेऊन एकटाच आला. “आवळण्यांत माझाच हात हलका पडला असेल,” एवढेंच तो म्हणाला. आम्हीं तेव्हांही खरें सांगितलें नाहीं. दुपारीं त्याची बायको डबा घेऊन आली. ती रागावली नव्हती. सहज बोलावें तशी म्हणाली, “आज लेकीला घेऊन तिच्या आजीकडे जायचं होतं. असूं द्या, गाडीचं काम महत्त्वाचं.” आणि बोलतां बोलतां तिच्या तोंडून आणखी एक गोष्ट बाहेर पडली. आमच्याच वस्तीजवळचा एक शेतकरी आपल्या ट्रॅक्टरचें इंजिन तिच्या नवऱ्याकडे देणार होता. चौकांतली गोष्ट ऐकून त्यानें तें दुसरीकडे दिलें.

वाचकहो, आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं. मित्रानें आम्हांस दोन दिवसांचे श्रम दिले होते. आम्हीं त्याच्याकडून दोन दिवस तर घेतलेच. वर तिसरा दिवस, गॅस्केटची किंमत, मुलीचा आजोळीं जाण्याचा आनंद, आणि कारागिराची सगळ्यांत मोठी ठेव जी त्याचें नांव, तेंही घेतलें. मग ‘मैत्रींत हिशोब कसला’ ह्या वाक्याचा अर्थ काय राहिला?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या खेड्यांत दुसऱ्याचे श्रम घेण्याचे निरनिराळे प्रकार चालत आले आहेत. पहिला प्रकार मजुरीचा: काम केलें, दाम मोजलें, नातें संपलें. दुसरा बलुत्याचा. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ ह्या पुस्तकांत त्याचें वर्णन आहे. सुतार, लोहार इत्यादिकांनीं वर्षभर कुणब्याचें काम करावें आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा, अशी ती रीत. तिसरा प्रकार इर्जिकीचा व सावडीचा. एकाची नांगरट मागें पडली असतां गांवचे शेतकरी आपआपले बैल व औत घेऊन त्याच्या शेतांत उतरत, एका दिवसांत काम उरकीत, आणि तो त्यांस जेवूं घाली. आज तुझ्या शेतांत माझे बैल, उद्यां माझ्या शेतांत तुझे, ही सावड. ह्यांत मजुरी नव्हती. पण जो इर्जिकीला बोलावी तो दुसऱ्याच्या इर्जिकीस गेलाच पाहिजे, हें सर्वांस ठाऊक असे. न जाणाऱ्यास कोणी दंड करीत नसे. पुढच्या वेळीं त्याच्या शेतांत कोणी उतरत नसे, इतकेंच.

आणि एक चौथा प्रकार आहे, तो वेठीचा. त्याविषयीं आपल्या मंडळ्यांतील लोकांस पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आज्या-पणज्यांनीं सांगितलेल्या गोष्टी अजून घरोघर जिवंत आहेत: रात्रीं-अपरात्रीं हांक येई, आणि घरांतला पुरुष हातचा घांस टाकून निरोप पोंचवावयास, ओझें वाहावयास, मेलेलें जनावर ओढावयास जाई. मिळे तें उरलेंसुरलें. मागण्याची सोय नव्हती. महार वतनाच्या ह्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत बिल आणलें. तें वतन पुढें १९५८ च्या कायद्यानें गेलें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें बिगारीस बंदी केली, आणि वेठबिगारी नाहींशी करण्याचा कायदा १९७६ सालीं झाला.

मित्राच्या मदतीचा आणि वेठीचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध हा आहे. इर्जिक आणि वेठ ह्या दोहोंतही रोख मजुरी नसते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हीकडे घाम गाळणारा मनुष्य दिसतो, पैसे देणारा कोणी दिसत नाहीं. फरक केवळ दोन गोष्टींचा आहे. काम करणाऱ्यास ‘नाहीं’ म्हणण्याची खरी मोकळीक होती काय? आणि काम घेणारा उद्यां त्याच्यासाठीं उठणार होता काय? ह्या दोहोंचें उत्तर ‘नाहीं’ असेल, तर त्या व्यवहारास मैत्री म्हणा कीं आणखी कांहीं म्हणा, तो वेठीच्या जवळ गेला. आमच्यासारख्या ज्याच्या शब्दास मंडळींत मान आहे, त्यानें तर ही गोष्ट दुप्पट जपली पाहिजे. आम्हीं गाडीचें दुःख सांगितल्यावर त्या तिघांस घरीं स्वस्थ बसणें शक्य होतें काय, हें आम्हीं स्वतःस एकदांही विचारलें नव्हतें.

ॲरिस्टॉटल ह्या ग्रीक तत्त्ववेत्त्यानें आपल्या नीतिशास्त्राचे दोन भाग, आठवा व नववा, मैत्रीच्या विचारास दिले आहेत. त्यानें मैत्रीचे तीन प्रकार केले: उपयोगासाठीं जोडलेली, सुखासाठीं जोडलेली, आणि एकमेकांच्या चांगुलपणामुळें जडलेली. तक्रारी उद्भवतात त्या मुख्यतः उपयोगाच्या मैत्रींत, असें तो म्हणतो. कारण तेथें प्रत्येकास आपणांस कमी मिळालें असें वाटतें. चांगुलपणाच्या मैत्रींत माप देणाऱ्याच्या हेतूचें असतें. आपल्या देशाचा कायदाही हेतूच पाहतो. १८७२ च्या करार कायद्याचें ७० वें कलम सांगतें कीं, एकानें दुसऱ्यासाठीं कांहीं कायदेशीर काम केलें, तें फुकट करण्याचा त्याचा हेतु नव्हता, आणि दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्यानें भरपाई केली पाहिजे. म्हणजे फुकट देण्याचा हेतु असेल तर न्यायाधीश आपणांकडून कांहीं वसूल करणार नाहीं. परंतु न्यायाधीशाची हद्द जेथें संपते तेथेंच सदसद्विवेकाची सुरू होते. मित्र देणगी म्हणून देतो, एवढ्यावरून आपण ती लूट म्हणून घ्यावी, असें होत नाहीं.

ह्यावर दोन आक्षेप येतील. कोणी म्हणेल, मग सर्वांस मजुरीच द्यावी, म्हणजे भानगड मिटली. आम्हांस हें पटत नाहीं. ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्यानें मग कोणाकडे जावें? शिवाय मनापासून दिलेलें नाकारून हातावर नाणें ठेवणें, ह्यांत पुष्कळदां अभिमान असतो. आपण कोणाचे मिंधे नाहीं हें दाखविण्याची ती घाई असते. दुसरा म्हणेल, प्रेमांत मोजमाप आणूं नये. हें खरें, पण कोणी आणूं नये? ‘हिशोब नको’ असें म्हणण्याचा अधिकार देणाऱ्याचा आहे. तेंच वाक्य घेणारा म्हणूं लागला, म्हणजे त्यास निराळा वास येऊं लागतो. देणाऱ्यानें विसरावें आणि घेणाऱ्यानें लक्षांत ठेवावें, तरच दोघांचेंही मन स्वच्छ राहतें.

तर मग घेणाऱ्यानें करावें काय? आम्हांस आतां असें दिसतें. सामानाचा खर्च, म्हणजे गॅस्केट, ऑइल, खरादखान्याचें बिल, शहरांत जाण्या-येण्याचें पेट्रोल, हा सारा ज्याची गाडी त्यानें काम सुरू होण्यापूर्वींच हातीं द्यावा. मित्रास तो मागावा लागूं नये. मित्रानें सहा दिवस हेंच काम पोटासाठीं केलेलें असतें, म्हणून सातव्या दिवशीं त्याच्या घरांतल्या माणसांचा वांटा किती, हें त्याच्या बायकोस आधीं विचारावें. खळ्यावर मळणी पडून आहे किंवा रोग्यास दवाखान्यांत न्यावयाचें आहे, अशी निकड असेल तर विसाव्याच्या दिवशींही हात घालावा; निकड नसेल तर गाडी आणखी आठ दिवस लिंबाखालीं उभी राहिल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आमची तशी निकड नव्हती. पुढें, जाणत्यानें जी सूचना दिली ती पैसे मोजून घेतलेल्या सूचनेइतकीच काटेकोरपणें पाळावी. काम बिघडलें तर प्रथम आपल्या वागण्यांत कारण शोधावें. मित्राची चूक असल्यास ती त्यास एकांतीं सांगावी. आपली असल्यास ती चारचौघांत सांगावी.

शेवटचें कलम आम्हांस फार जड गेलें. पुढच्या बाजाराच्या दिवशीं आम्ही त्याच चौकांत, त्याच चहाच्या दुकानापुढें उभे राहिलों, आणि ज्यांच्यासमोर गप्प राहिलों होतों त्यांस खरी हकीकत सांगितली. त्या शेतकऱ्याच्या घरींही गेलों. त्याचें इंजिन तोंवर दुसरीकडे बांधून झालें होतें. तें काम गेलें तें गेलें. मग मित्राच्या दुकानीं जाऊन त्यालाही सर्व सांगितलें. तो थोडा वेळ पाना पुसत उभा राहिला. मग म्हणाला, “मला वाटलंच होतं. दुसऱ्यांदा हेड काढलं तेव्हां बोल्ट कळले होते.” म्हणजे त्यास पहिल्या घटकेपासून ठाऊक होतें, आणि तरीही ‘माझाच हात हलका पडला असेल’ असें तो म्हणाला होता. त्याच्या दोन दिवसांच्या श्रमांपेक्षां हें दान मोठें होतें, आणि तें आम्हांस तोंपर्यंत दिसलेंही नव्हतें.

गॅस्केटचे पैसे त्यानें घेतले. त्या दिवसाची मजुरी घेतली नाहीं. आम्हींही आग्रह केला नाहीं. पण त्याची लेक यंदा दहावीस आहे आणि गणितांत अडते, हें आम्हांस माहीत होतें. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं ती आमच्या घरीं पाटी-वही घेऊन बसते. हें त्यानें मागितलें नव्हतें. मित्रानें मागावें मग आपण द्यावें, अशी वाट पाहत बसणें हाही देणें चुकविण्याचाच एक मार्ग आहे.

प्रत्येक वाचकाच्या घरीं मित्राच्या हातचें एखादें काम असेल: एखादी भिंत, एखादा पंप, एखाद्या गाडीचें इंजिन. तें चालू आहे तोंवर आपण त्याकडे पाहतही नाहीं. आज एकदां पाहावें, तें कोणी केलें तें आठवावें, आणि त्याच्या दारावरून गेल्यास किती दिवस झाले तें स्वतःस विचारावें. संकोच वाटला, तर आजच जावें.